मंगळवारचं कोल्हापूर

१२ नोव्हेंबर, मंगळवार

दुसरी किमो झाली. अजून चार. पहाटेच्या एसटीने एकटीच गेले, एकटीच आले. परतीला आंबा घाटात पिशवी भरून ओकले. शेजारची बाई विचारते, "घाट लागतो काय हो?" लागतो म्हटलं!

छातीतल्या गाठीचं माझ्याशिवाय दोघांनाच ठाऊक. आमचे हे, आणि सगुणा — माझी धाकटी जाऊ. हे बोटीवर, आठ-आठ दिवस समुद्रात. सगुणाने पहिल्याच दिवशी बजावलंन, "कोणाला सांगू नको गो वहिनी. कॅन्सर म्हटलं की तुझ्या पाटीतला बांगडासुद्धा कोण घेणार नाय." पटलं मला. मासळी विकते म्हणून तर घर चालतं. मग बाजारात सांगून टाकलं — नवस आहे, अंबाबाईला जाते.

१४ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणतात हाताला काटा लागता कामा नये, चिघळेल. मग मासे कापू कशाने? नाकाने?

२ डिसेंबर, सोमवार

घ्या आता! गोदूबाई ओटी घेऊन आली. बाजारात माझ्या पाटीला पाटी लावून बसते ती. खण, नारळ, तांदूळ. "उद्या जातेस ना, माझी पण भर देवीची." तिच्यामागून आणखी चौघी. नाही कशी म्हणू?

४ डिसेंबर

काल सलाईन संपायलाच तीन वाजले. देऊळ कुठलं नि काय! पाचही ओट्या परत आणल्या, खाटेखाली सारल्या. स्टँडवर पेढे घेतले होते, ते आज प्रसाद म्हणून वाटले. गोदूबाईने डोळे मिटून कपाळाला लावलान. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

११ डिसेंबर

पकडले गेले. ताप भरला म्हणून बाजारात गेले नाही, तर गोदूबाई पेज घेऊन घरी. ओकायची बादली खाटेखाली सरकवायला वाकली — समोर तिचाच हिरवा खण!

सगळं सांगितलं. डोक्याचा रुमाल पण काढून दाखवला. वाटलं आता बोंब ठोकील. तिने खण उचलून मांडीवर घेतलान. मग म्हणाली, "देवीला फसवलंस ते तू नि ती बघून घ्या. मला का फसवलंस गो?" तिला खरंच लागलं होतं. दोघी रडलो. पेज पार थंड झाली.

सगुणा दारात उभी होती. "झालं! आता बाजारभर होणार." नुसती थरथरत होती रागाने.

१३ डिसेंबर

बाजारभर झालंच. गोदूबाईच्या पोटात काय राहतंय! दोन बायका माझी पाटी टाकून पुढे गेल्या, त्यात एक रोजची. तोच गोदूबाई बसल्या जागेवरून ओरडली, "काय गो, बांगड्याला झालाय काय कॅन्सर?" सगळा बाजार हसला. मी पण! किती दिवसांनी हसले.

१६ डिसेंबर

कापायचं काम माझ्याकडून काढून घेतलंय. "तू भाव कर, जीभ चालते ना तुझी?" पाळ्या लावून कापतात बायका. सुरमईचे काप भलते जाड करतात, पण बोलायची सोय नाही.

२४ डिसेंबर, मंगळवार

चौथी. गोदूबाई सोबत. मला बाटली लावल्यावर ओट्या घेऊन देवळात जाऊन आली, खरा प्रसाद आणलान. नर्सशी भांडून माझ्यासाठी उशी मिळवलीन. घाटात पिशवी धरलीन नि वर मलाच शिव्या — "सकाळी वडा खायला कोणी सांगितलावता?" सुखाचं आजारपण म्हणतात ते हेच असणार.

८ जानेवारी

एक नवीनच सुरू झालंय. बायका येतात, पापलेट उलटंपालटं करतात, भाव विचारीत नाहीत. वाकून हळूच — "तुला कशी गो कळली?" आजची तिसरी. बँकेतली बाई. मी सरळ विचारलं, "मासे हवेत की गाठ सांगायचीय?" तिथंच रडायला लागली. उद्या गोदूबाई तिला डॉक्टरकडे नेणार आहे. मी पण जाईन म्हणते. आपलं कोणाला काही उपयोगी पडतंय हे बरं वाटतं. फार बरं वाटतं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. पाचवी झाली. नर्सला तिळगूळ दिला, सुई हळू टोचलीन.

१७ जानेवारी, शुक्रवार

सगुणा बाजारात आली. घरी एका चुलीवरचं जेवतो आम्ही, तिला मासे विकत घ्यायची काय गरज? तीन गिऱ्हाइकांच्या मागे उभी राहिली. पाळी आल्यावर बांगडा उचललान, परत ठेवलान. माझ्याकडे न बघता म्हणाली, "वहिनी, माझी तुझ्याही आधीची आहे."

पाटी तशीच सोडली नि तिचा हात धरला. आज जेवढी भ्याले तेवढी माझ्या वेळेस नव्हते भ्याले.