घसा बसलाय, एवढंच

३ नोव्हेंबर, सकाळ
आवाज अजून घोगरा. रेवदंड्याच्या बंदरावर वीस वर्षं मासळीचा लिलाव पुकारतोय, घसा बसणारच. उलट आज आवाज भारदस्त वाटला. बायको, केसर, म्हणते दीड महिना झाला. तिला मोजायची सवयच आहे.
निश्चय : तंबाखू बंद. उद्यापासून. आजची पुडी फोडून झालीय.

६ नोव्हेंबर
तंबाखू बंद नाही, पण कमी. गिळताना उजवीकडे काहीतरी अडकतं. बांगड्याचा काटा असणार. बांगडा खाऊन आठवडा झाला, पण काटा हट्टी असतो.
थुंकीत जरा लाल दिसलं. केसरला सांगितलं नाही. उगाच घाबरेल.

१० नोव्हेंबर
डॉक्टरकडे दीड तास बाकावर, दीड मिनिट आत. सगळं पाठ करून गेलो होतो. ‘घसा’ म्हणेपर्यंत गोळ्या लिहून झाल्या. तीनशे रुपये. बाहेर तीसेक पेशंट, तो तरी काय करणार! पण एका अर्थी बरंच झालं. गंभीर काही असतं तर त्यानं मान वर केली असती.

२४ नोव्हेंबर
गोळ्या संपल्या, घसा तसाच. यावेळी कागदावर लिहून नेलं. लाल रंग तिसऱ्या ओळीत होता, डॉक्टर पहिलीवरच थांबला. म्हणाला, अलिबागला दुर्बिणीनं बघून घ्या. दुर्बिणीचे अडीच हजार! कमिशन असणार. आपण फसत नाही.
निश्चय : हळद, गरम पाणी, मौन. लिलावाची वेळ सोडून.

१२ डिसेंबर
पापलेटाच्या टोपलीला ‘चार हजार’ म्हटलं. आवाजच फुटला नाही. मासळी घ्यायला आलेली मनुबाई म्हणाली, “काळूराम, भाव सांगतोस का गुपित?” सगळे हसले. मीही हसलो.
मग होड्यांच्या आड जाऊन बसलो. मफलर तोंडाभोवती गुंडाळून घेतला. थंडी पडलीय यंदा.

१३ डिसेंबर
अलिबागला गेलो. केसरला नको म्हटलं, पण ती आधीच रिक्षात बसलेली. डॉक्टरीण तरुण. खुर्ची जवळ ओढून म्हणाली, “काका, घाई नाही. पहिल्यापासून सांगा.”
मी म्हटलं, काही नाही, चार दिवस घसा बसलाय.
केसर म्हणाली, “तीन महिनं झालं, मॅडम. रगत पन पडतंय.”
तिला कधी कळलं?
दुर्बीण घातली. डॉक्टरिणीनं पुन्हा पुन्हा आत बघितलं. मग घशातला छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला.

२२ डिसेंबर
रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंनी वीस मिनिटं सगळं समजावलं, कागदावर गळ्याचं चित्र काढून. आधी आला असतात तर, असंही काहीतरी म्हणाल्या. शेवटी विचारलं, काही शंका? मी म्हटलं, नाही, सगळं कळलं.
बाहेर येऊन केसरला विचारलं, काय म्हणाल्या त्या?
ती म्हणाली, “कॅन्सर हाय. आपरेशन. मुंबईला, सोमवारी. मी हाय ना.”
रेवदंडा येईपर्यंत मी चारदा विचारलं. चारही वेळा तिनं सांगितलं.