सेटल

रविवार, संध्याकाळ. कुपवाड.

आज कोरेगावला स्वातीला मागणी घालायला गेलो. तिच्या अण्णांनी एवढंच विचारलं, “सेटल हायस का रं?”

माझं डोकंच फिरलं. “लेथ मशीनवर काम करतो, भीक न्हाई मागत!” म्हणून उठलोच. स्वातीनं आणलेला चहा तसाच राहिला.

मी कॉलेज सोडलं तेव्हा तिनंच दिलेली डिक्शनरी आत्ता काढली. सेटल: जम बसणे, स्थिरावणे, शांत होणे, भांडण मिटवणे. यातलं मला काय जमतं? पाच मिनिटं शांत बसणंसुद्धा नाही.

तिचा मेसेज आलाय. “अण्णा व्हय म्हणणार होते. आता म्हणतात, चहा टाकून उठला म्हणजे त्यानंच सोयरीक मोडली. मी काय सांगू त्यांना?”

तो चहा. दोन घोटांचा तर होता.