नववं मत

१० मार्च

चि. छोट्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू धाडलेल्या गुडघेदुखीच्या गोळ्या पोचल्या. पण आज गुडघ्याचं रडगाणं नाही.

शनिवारचा बास्केटबॉलचा सामना तू वार्ताहरांच्या टेबलाशी बसून पाहिलास, मी घरी टीव्हीवर. ज्याला सगळे हातोडा म्हणतात त्याने उडी मारून चेंडू घेतला, खाली येताना कोपर फिरवलं आणि ते माझ्या लंबूच्या डाव्या डोळ्यात घुसलं. हाड मोडल्याचा आवाज घरात ऐकू आला. माझं लेकरू गुडघ्यांवर बसलं, तोंडावर हात, आणि बोटांच्या फटींतून रक्त लाकडी जमिनीवर. दोघांनी ते फडक्याने पुसलं आणि चार मिनिटांत खेळ पुन्हा सुरू झाला. मी घड्याळ पाहिलं. त्यानंतर हातोड्याने एकोणीस गुण केले.

डोळ्याचं काय ते शुक्रवारी कळेल, असं डॉक्टरीणबाई म्हणतात.

आता मागणं. हंगामातला सर्वांत मोलाचा खेळाडू ठरवणारे तुम्ही नऊ पंच. आठ जणांनी आपापल्या सदरांत सांगून टाकलंय. चार मतं हातोड्याला, चार त्या अबोल पोराला, ज्याला तुम्ही गुपचूप म्हणता. उरलास तू. तुझं नाक पुसलं, शाळेत सिस्टरांनी गिरवून घेतलेल्या वळणदार अक्षरात तुझा गृहपाठ लिहून दिला, बदल्यात कधी काही मागितलं नाही. आज मागते. त्या माणसाला मत देऊ नकोस.

माया आहेच, ती दाखवायची हीच वेळ.

तुझी ताई

१४ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

मी आठ फुटांवर होतो. लंबूच्या रक्ताचा थेंब माझ्या कागदावर पडला. तो कागद समोर ठेवूनच हे लिहितोय.

माझी पद्धत तुला माहीत आहे आणि तू तिला हसतेसही. प्रत्येक सामना मी दोनदा पाहतो. दुसऱ्या वेळी पडद्यावर चेंडू जिथे जाईल तिथे पुठ्ठ्याचा तुकडा धरतो, चेंडूवाला झाकतो आणि उरलेल्या नऊ जणांकडे बघतो. हातोडा नुसता आत शिरला तरी समोरचे मागे सरतात. प्रत्येक माघारीला मी त्याच्या नावावर एक खूण करतो. यंदा चारशे अकरा झाल्या. दुसऱ्या कुणाच्या दीडशेही नाहीत. यालाच मी मोल म्हणत आलो. गेल्या महिन्यात त्याच्या धाकावर अख्खा लेख लिहिला, तो आवडल्याचं तू कळवलं होतंस.

कोपर चुकून लागलं, असं सामन्याच्या पंचांनी म्हटलंय. एका कोपरावरून मी हंगाम मोडीत कसा काढू? शाळेत खेळताना तूही काही कमी कोपरं चालवली नाहीस, सिस्टरांची शिट्टी बहुतेक तुझ्यासाठीच वाजायची. मत पंचवीस तारखेला द्यायचंय. तोवर पुन्हा बघतो.

रागावलीस तरी माझं नाव टाकू नये, ही विनंती.

तुझा छोट्या

१८ मार्च

छोट्यास आशीर्वाद.

डोळा गेला. शुक्रवारी काढला.

तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. खुणांचं आलं तसा तो हसला, मग टाके ओढले गेले म्हणून कण्हला. त्याने बॅग आणायला सांगितली. आत जानेवारीत तू त्याला पाठवलेला कागद होता, चारही घड्यांवर फाटेपर्यंत वाचलेला. ‘लंबू, हातोड्यासमोर तू अकरा वेळा मागे सरलास, म्हणून तुला कुणी मोजत नाही,’ असं तू खाली लाल शाईने लिहिलं आहेस.

शनिवारी तो मागे सरला नाही. का रे सरला नाहीस, असं मी विचारलं. म्हणाला, मामा मोजत होता.

लोभाबिभाचं आज मला विचारू नकोस.

ताई

२५ मार्च

ती. ताईस सा. न.

माझ्याकडे बचाव नाही.

पुठ्ठा टाकून दिला आणि सहा दिवसांत सगळा हंगाम पुन्हा पाहिला. या खेपेला कोण मागे सरतं ते पाहिलं नाही, प्रत्येक जण पहिल्यांदा मागे सरला त्याच्या आधी काय झालं ते पाहिलं. एकाची दोन बोटं हातोड्याने बुटाखाली चिरडली. एकाचे दोन दात गेले. एकाची बरगडी, एकाचा जबडा, दोघांची नाकं. लंबू सातवा. प्रत्येक घाव घातला तेव्हा चेंडू त्याच्याच हातात होता, म्हणजे माझ्या पुठ्ठ्याखाली. मारलं त्याने, आणि दर माघारीला त्याला शाबासकी दिली मी. त्या खुणा काढल्या तर तो तिसरा येतो. मत मी गुपचूपला दिलं.

पण ताई, खेळाडूंत नातलग असेल तर पंचाने आधी कळवायचं असतं. लंबू वर्षभर बहुतेक राखीव बाकावर, आडनावं वेगळी, म्हणून मी गप्प राहिलो. आता कळवलं की माझं मत बाद. मग चारास चार, आणि निर्णायक मत मंडळाच्या अध्यक्षांचं. त्यांचा कल सगळ्यांना ठाऊक आहे. गप्प बसलो तर हातोडा एका मताने हरतो. पण उद्या कुणी नातं शोधून काढलं, तर त्या सहा जणांची हाडंही मामाने रचलेली गोष्ट ठरतील.

मी सगळं लिहिलं. सातही जण, लाल शाईचा कागद, आपलं नातं. लेख परवा येईल. तुला विचारलं असतं तर तू थांबवलं असतंस, म्हणून विचारलं नाही.

उत्तर नाही आलं तरी मी लिहीत राहीन.

छोट्या

६ एप्रिल

चि. छोट्यास आशीर्वाद. वि. वि.

करंडक हातोड्यालाच मिळाला. टीव्हीवर त्याने तो डोक्यावर धरला तसा लंबू उठला आणि पडद्यावर मूठ हाणली. एका डोळ्याला अंतर कळत नाही. मूठ वीतभर चुकली आणि कपाटाच्या लोखंडी कोपऱ्यावर बसली. दुसरीही चुकली. तिसरीला काच फुटली. कपाचा कान तुटला तरी घर डोक्यावर घेणारी मी, पण या वेळी उठून चिमटा आणला. त्याच्या बोटांतली काच एकेक करून काढली.

तुझा लेख वाचला. मी असते तर नातं लपवलं असतं आणि निवांत झोपले असते. माझा राग आहे, लाल शाईवरही आणि खरेपणावरही. तो इतक्यात जाणार नाही.

दात गेलेला तो मुलगा परवा घरी आला. दोघांनी तासभर बसून बाकीच्यांना फोन लावले. मग सातही जणांच्या सह्यांनी मंडळाला तक्रार गेली. पुढचं काय होईल ते होईल.

रविवारी मामाला जेवायला बोलावू का, असं मी लंबूला विचारलं. म्हणाला, येऊ दे, पण माझ्या डाव्या हाताला बसव, म्हणजे मला तो दिसणार नाही.

तर ये. त्या बाजूचा पाण्याचा पेला रोज त्याच्या हाताने कलंडतो. तेवढा धरून बस.

तुझी ताई