मर्लिनची सायडर

गुरुवार, अल हैल

आज इथे आखातात, आमच्या हॉटेलच्या बारमध्ये मर्लिनची सायडर आली, सफरचंदाची वाईनच ती. धाकटी बहीण माझी, पण तिच्या बाटल्या फ्रिजमध्ये लावताना हात चालेना. तिच्या सासरी हिमाचलात पिढ्यान्‌पिढ्या सफरचंदाच्या बागा. डागाळलेली फळं बाजारात जात नाहीत, त्यांची ती आता सायडर करते. पण आंबवायला शिकली कुठे? वसईला, पप्पांकडेच! नाताळची जांभळाची वाईन घालताना मीही मागे लागायचो. "तुला धीर नाही रे," म्हणून मला पिटाळायचे. तिला मात्र बरणीपाशी बसवायचे.

दुपारी पप्पांचा फोन. "प्यायलास का? तिचा हात अगदी माझ्यासारखा."

"बरी आहे," म्हणालो. प्यायलोच नव्हतो.

फोन ठेवून घोटभर घेतली. चांगली आहे. फारच चांगली. का असावी एवढी चांगली?

संध्याकाळी एका गिऱ्हाइकाने विचारलं, "कुठली ही?"

"हिमाचलची," म्हणालो. बहिणीची, हे तोंडातून निघालंच नाही. त्याने दुसरा ग्लास मागितला तेव्हा 'संपली' म्हणावंसं वाटलं. तरी त्याचा ग्लास मी काठोकाठ भरला.