कापसाचा काटा

आत्या,

नर्सिंगच्या तोंडी परीक्षेत मी पुन्हा नापास झाली. बाबाले वाटते, मी अभ्यासच केला नाई. पण सारं पाठ होतं. मॅडमनं सलाइनच्या थेंबांचा हिशोब विचारला, अन् मी पोट आत ओढून, श्वास धरून उभी. अ‍ॅप्रनचं बटण ताणलं का, मॅडम तिथंच पाहून राह्यल्या का, एवढंच डोक्यात होतं. उत्तराले जागाच उरली नाई.

तुले आठवते? वेचणीच्या दिवसांत, हिंगणीच्या अंगणात, तू मले लुगड्याच्या झोळीत घालून कापूस मोजायच्या काट्याले टांगलं होतं. "गाठोड्याहून जड हाय पोट्टी!" साऱ्या वेचणाऱ्या बाया हसल्या. मीबी हसली. तवापासून चारचौघांत मी पुरा श्वास सोडला नाई.

हे पत्र मी टाकणार नाई. तू ते घरात मोठ्यानं वाचशीन, अन् पुन्हा सारे हसतीन.

पण काल मी तुयाकडे आली होती, तवा तुयी नात गुंजन मले पाढे म्हणून दाखवत होती. तू दारात येऊन उभी राह्यली, अन् पाठ असलेला पाढा ती मधातच विसरली. पोट आत ओढलं होतं तिनं.

मी म्हटलं, "गुंजन, श्वास सोड."

तिनं आधी तुयाकडे पाह्यलं.

तुयी भाची,
रोशनी