पाठीवरचे नऊ नंबर

३ जून
आजपासून रोजनिशी, न चुकता. फिजिओथेरपीच्या बाईंनी सांगितलं म्हणून नव्हे, माझ्या मनात होतंच.
कंबरदुखीला सहा महिने झाले. एक्स-रे स्वच्छ. बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. कोरा कागद देऊन म्हणाल्या, डोळे मिटा आणि आतून जाणवते तशी स्वतःची पाठ काढा. तीस वर्षं ड्राफ्ट्समन आहे मी, इमारतींचे नकाशे काढतो. डोळे किलकिले ठेवून झकास पाठ काढली, मध्यरेषेसकट. बाई म्हणाल्या, ही पुस्तकातली झाली, तुमची कुठे आहे?
कौतुक करायला मोठं मन लागतं.
व्यायाम दोन. एक, एका पायावर तीस सेकंद उभं राहायचं, दिवसातून तीनदा. दोन, पाठीवर नऊ जागा ठरवल्यात, प्रत्येकीला नंबर. घरच्या कोणीतरी एका जागेवर बोट लावायचं, आपण न बघता नंबर सांगायचा. कंबर नक्की कुठे आहे हे मेंदूला नीट कळू लागलं की दुखणं कमी होतं म्हणे. रोजचे मार्क तक्त्यात भरायचे.
घरी कोण असतं, असं विचारलं. म्हटलं, बायको.
खोटं नाही. फक्त सध्या मुलीकडे असते.

४ जून, सकाळी ६.१०
एका पायावर : ११ सेकंद. फरशीला उतार आहे.
६.२५
फरशीवर लेव्हलची पट्टी ठेवून पाहिली. उतार नाही. पट्टी जुनी झाली.

६ जून
ऑफिसातही सराव. टेबलाशी एका पायावर उभा राहून जिन्याची दुरुस्ती केली. साहेब दोनदा बघून गेले. तिसऱ्यांदा जवळ येऊन हळूच म्हणाले, जायचं असेल तर जाऊन या, काम कुठे पळतंय.

७ जून
नंबरांचा व्यायाम सुरू. बोट लावायला कोणी नाही, पण अडून बसणाऱ्यातला मी नाही. लांब फूटपट्टी खांद्यावरून मागे नेऊन टोक टेकवलं. पाच. बरोबर. दोन. बरोबर. ९ पैकी ९.
पट्टी आपल्याच हातात असते, ही एक बारीक अडचण. पण ९ म्हणजे ९.

१० जून
पट्टी बंद. दाराच्या मुठीला पाठ लावून पाहिली. मूठ दर वेळी सातवरच लागते. तरी तक्त्यात ९.

१२ जून
कल्पना सुचली. खालच्या मजल्यावर शिंपी आहेत. शर्टाची गरज नव्हती, पण माप द्यायला गेलो. त्यांनी टेप मानेपासून खाली नेली, कमरेशी बोटाने दाबून धरली, आकडा लिहिला. मग खांदे. परत पाठ.
नंबर ओळखायचे राहूनच गेले. शिंपी म्हणाले, झालं माप, आता वळा. म्हटलं, एकदा खात्री करून घ्या.
त्यांनी करून घेतली.

१५ जून
मुलीचा फोन. आईला देऊ का, म्हणाली. म्हटलं, नको, दमली असेल. विश्रांती मिळावी म्हणून तर मी तिला पाठवलं. अकरा महिने झाले. थोड्या दिवसांसाठी निघाली तरी शिवणयंत्र, लोकरीचे कपडे, स्वतःची सगळी कागदपत्रं, असं सगळं बरोबर घेऊन गेली. पहिल्यापासून व्यवस्थित बाई.
मुलगी म्हणाली, बाबा, तुम्हाला कळतंय ना? म्हटलं, सगळं कळतंय. एका पायावर १४ सेकंद.

१८ जून
बाईंकडे. तक्ता पाहून खूष झाल्या. अकरा दिवस, सगळे ९. मग स्वतः बोट लावून तपासलं. ९ पैकी २.
त्यांचे हात गार होते, तसं सांगितलं. त्यांनी विचारलं, घरी बोट कोण लावतं? मिसेस, मी म्हणालो. बाई म्हणाल्या, मग गुरुवारी त्यांना घेऊन या, मी पद्धत दाखवते.
म्हटलं, अवश्य.

१९ जून
पर्याय : बायकोला सर्दी झाली म्हणून सांगणे. पण खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही.
दुपारी फोन केला. चार वेळा रिंग वाजली. हिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, येईन, दातांच्या डॉक्टरांकडे त्याच बाजूला जायचंय.
दातांचं निमित्त. चाळीस वर्षं ओळखतो हिला.

२४ जून
घर पुसलं. दोन कप काढून ठेवले. शिंप्यांकडून शर्ट आणला, पाठीत अगदी बरोबर बसतो. पलंगावर हिच्या बाजूला पसरलेले नकाशे उचलले. एका पायावर १९ सेकंद, फक्त भिंतीला हलका हात.

२५ जून, गुरुवार
ही वेळेवर आली. थेट दवाखान्यात. केस आखूड केलेत. बाहेरच्या बाकावर दोघं बसलो. मी म्हटलं, इथून घरी जाऊ, चहा टाकतो. ही म्हणाली, मी परत येणार नाही, मुलीनं सांगितलंय ना तुम्हाला? मी म्हटलं, हो हो, त्याबद्दल निवांत बोलू. ही म्हणाली, तेच सांगतेय, बोलायचं काही उरलेलं नाही. तेवढ्यात आमचा नंबर आला.
टेबलावर पालथा झोपलो. तोंडासाठी भोक असतं, त्यातून फक्त फरशी दिसते. हिच्या चपला आल्या, थांबल्या. नव्या होत्या. बाईंनी हिला नऊ जागा समजावल्या. मग म्हणाल्या, आता लावा बोट.
मला लगेच जाणवलं. हलकंसं, कमरेच्या जरा वर, उजवीकडे. इतकं स्पष्ट की दुखणंसुद्धा थांबलं. मी म्हणालो, पाच.
मी परत म्हणालो, पाच, नक्की.
ही म्हणाली, अहो, मी अजून बोट लावलेलंच नाही.