काळ्या स्वेटरवरची जरी

ललितचे पप्पा,

तुम्ही गाढ झोपेत होतात, म्हणून न उठवता कामावर निघाले. भाकरी टोपल्यात आहेत, भरीत पातेल्यात.

तुमच्या काळ्या स्वेटरच्या पाठीवर चंदेरी जरीची पट्टी शिवली आहे. साड्यांना लावून उरलेली होती, शेठला विचारूनच आणली. कारखान्यातले लोक 'नवरदेव' म्हणून हसले तर हसू द्या. आणि सायकल जड जाते म्हणून डायनामो वर उचलून ठेवता, ते आता बंद. संध्याकाळी तो चाकाला टेकवून, दिवा लागला का बघून मगच निघा. मीही काळी शाल पेटीत टाकली, पांढरी घेऊन निघाले आहे.

काल जेवताना तुम्ही सांगत होतात, इच्छापोरच्या वळणावर अंधारात एक बाई सायकलीपुढे आली आणि 'अंधी है क्या?' म्हणून तुम्ही तिला चांगलं झापलंत. ती बाई मीच होते. माझं कोपर, मी सांगितलं तसं नळावर घसरून सोललेलं नाही. ललितसमोर बोलले नाही इतकंच.

मी तुम्हाला आवाजावरून ओळखलं. मागून येणारा ट्रकवाला कशावरून ओळखणार?

गायत्री